आपल्या घरात काही संपत नसे

आये,

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पत्र पाठवण्यात अडचण दुहेरी आहे. तू असतीस तरी ते कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि घरात वाचणारी एकटी मीच. म्हणजे मीच लिहायचं, मीच तुझ्यासमोर बसून वाचायचं आणि तू सुंभ वळता वळता मान हलवायची. बाबांची पत्रं तशीच तर वाचली आपण. मंगळूरहून कार्ड यायचं, बंदरावरच्या कोणा कारकुनाकडून लिहून घेतलेलं. 'आम्ही येथे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी', एवढंच. तू ते चार वेळा वाचून घ्यायचीस. पाचव्या वेळेला मी कंटाळून एखादा शब्द गाळायची आणि तू तो लगेच पकडायचीस. "आनी तां खुशाल खंय गेला?" असं विचारायचीस. मग मी पुन्हा पहिल्यापासून वाचायची.

परवा शेजारची मुलगी वही घेऊन आली. मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे बिल्डिंगमधल्या मुलांना मी फुकटची शिकवणी वाटते. तिला 'वाढणे' या शब्दाचे समानार्थी शब्द हवे होते आणि वाक्यात उपयोग हवा होता. "आजी, नारळ वाढवला म्हणजे फोडला ना? मग वाढणं म्हणजे मोठं होणं की मोडणं?" तिनं विचारलं. मी तिला काहीतरी सांगितलं, वृद्धी होणे, मोठे होणे, पानात अन्न घालणे असं लिहून घ्यायला लावलं आणि पाठवून दिलं. मग दार लावून बसले. बेचाळीस मुलांच्या वर्गापुढे मी हाच शब्द तीस वर्षं शिकवला होता आणि कधी आवाज चिरकला नव्हता. परवा चिरकला. वय झालं म्हणायचं आणि सोडून द्यायचं, पण सुटेना. म्हणून हा खटाटोप.

आपल्या घरात काही संपत नसे, काही फुटत नसे आणि कोणी जात नसे. तांदळाच्या मडक्याचा तळ लागला की तू मला शेजारच्या घरातल्या काकीकडे पाठवायचीस आणि सांगायचीस, "म्हण, आयेन सांगितल्यान, तांदूळ वाढले." काकी मुकाट्यानं शेरभर तांदूळ ओटीत घालायची. परक्या माणसानं ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, केवढं भरलेलं घर! काथ्यासाठी नारळाची सोडणं ठोकताना तुझं काकण दगडावर आपटायचं, दोन तुकडे व्हायचे आणि तू म्हणायचीस, "काकण वाढला." झोपताना दिवा वाढवायचा. तिन्हीसांजेला मिठाला मीठ म्हणायचं नाही, गोडं म्हणायचं. साप दिसला तर तो लांबडा. आणि घरातून पाऊल बाहेर टाकणाऱ्यानं, मग तो नुसता विहिरीवर का जाईना, 'येतंय' म्हणायचं. मी एकदा दप्तर उचलून "आये, जातंय" म्हटलं तर तू हातातली पळी टाकून बाहेर आलीस आणि मला कुंपणाच्या बेड्यापासून परत फिरवलंस. "जातंय म्हणा नको. येतंय म्हण. म्हण आदी." मी म्हटलं, आणि शाळेला उशीर झाला म्हणून छडी खाल्ली.

याचं कारण तू मला एकदा सांगितलं होतंस, अगदी सहज, काथ्या पिंजताना. आपलं देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळूचा पट्टा आणि त्यावर आपण. कुठेही उभं राहा, पाणी ऐकू येणारच. तू म्हणालीस, "आपणाक तो आयकाक येता, मग आपण तेका आयकाक येवचे नाय काय?" समुद्राला कान आहेत, त्याला सरळ शब्द कळतात. गेला म्हटलं की तो म्हणतो, बरं, गेला तर गेला. म्हणून त्याच्यादेखत उलटं बोलायचं. मला तेव्हा ते पटलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण खोटं वाटत नाही, आणि मी डी.एड.ला भाषा विषयात पहिली आले होते.

बाबा मंगळुरी कौलं वाहणाऱ्या गलबतावर खलाशी. नारळी पुनवेनंतर जायचे, पाऊस लागायच्या आत परतायचे, मधे मालवण बंदराला गलबत लागलं तर दोन दिवस घरी. त्या वर्षी ते गेले ते मला चांगलं आठवतं, कारण नवे पैसे नुकते आले होते आणि बाबांनी मला एक नवा कोरा पैसा हातावर ठेवला होता. बेड्याजवळ उभे राहून ते म्हणाले, "येतंय गो." तू म्हणालीस, "येवा." मीही म्हटलं. आपल्यापैकी कोणी काही चुकलं नव्हतं, हे मी नंतर शंभर वेळा तपासून पाहिलं आहे. दिवाळीनंतर वादळ झालं. माडांच्या झावळ्या आठवडाभर घरापुढच्या खळ्यात पडून होत्या. त्या वादळात तीन गलबतं होती. दोन कुठे ना कुठे लागली, आपलं लागलं नाही. कोणी म्हणे कारवारच्या खाली फळ्या दिसल्या, कोणी म्हणे वाऱ्यानं ते थेट अरबांच्या मुलखाला नेलं असेल, तिथून माणसं दोन-दोन वर्षांनी परत आलेली आहेत. मालकाकडून कार्ड आलं, 'तपास चालू आहे, खबर लागताच कळवू.' ते मी तुला किती वेळा वाचून दाखवलं याला गणती नाही.

देवळात कौल लावला. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडली तर आहेत, डावी पडली तर नाहीत. गुरवानं दोनदा गाऱ्हाणं घातलं आणि दोन्ही वेळा पाकळी जागची हलली नाही. भटजींनी सांगितलं, प्रेत नाही, खबर नाही, अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते. तोवर बाई सवाशीण. बारा सरली की दर्भाचा पुतळा करून संस्कार करायचा. तू पदराच्या आत दोन्ही हात घेऊन हे ऐकून घेतलंस. घरी येताना वाळूतून चालताना मला एवढंच म्हणालीस, "बारा म्हणजे तू एकवीस वर्षांचा होतलंस." मी बोटांवर मोजून पाहिलं. हिशेब बरोबर होता.

मग तो बांगड्याचा तुकडा सुरू झाला. तो मी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला गेलं की वाट्याला दोन-तीन बांगडे मिळायचे. तू त्यांची कढी करायचीस. मधला जाड तुकडा, पोटाकडचा, तो बाबांचा. तो तू पहिल्यांदा वाटीत काढून ठेवायचीस आणि वर ताटली झाकायचीस. मला शेपटीकडचा, तुला डोकं. पूर्वी बाबा घरी असले की तसं असायचंच, पण आता ते रोज. दुपार सरायची, कोणी यायचं नाही, आणि दिवेलागणीच्या आधी तू ती वाटी मागच्या दारी नेऊन मांजरापुढे ठेवायचीस. मी एकदा म्हटलं, "माका दी ना." तू म्हणालीस, "तुजो वाटो तू खाल्लंस. ह्यो तेंचो." मी म्हटलं, मग कावळ्याला तरी घाल, मांजर कशाला. तेव्हा तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी खरकटं ताट उचलून बाहेर नेलं. कावळ्याला का घालायचं नाही ते मला पुष्कळ उशिरा समजलं. मांजर मात्र त्या वर्षी इतकं माजलं, इतकं माजलं की त्याला उंदीर दिसेनासे झाले.

त्याच वर्षी शाळेत नवे गुरुजी आले, घाटावरचे. उंच, धोतर नेसणारे, समुद्राकडे पाठ करून उभे राहणारे. त्यांना लाटांच्या आवाजात शिकवणं जमायचं नाही, मधेच थांबून खिडकी बंद करायचे. त्यांनी चौथीला समानार्थी शब्द घातले. जाणे, संपणे, फुटणे, विझणे. मी मोठ्या अभिमानानं लिहिलं: जाणे म्हणजे येणे, संपणे म्हणजे वाढणे, फुटणे म्हणजे वाढणे, विझणे म्हणजे वाढणे. गुरुजींनी वही वर धरली. "तुमच्या गावात सगळं वाढतंच का गं? कमी कधी काही होतच नाही?" असं म्हणून हसले. वर्गात कोणी हसलं नाही, कारण माझं काय चुकलं ते कोणालाच कळलं नव्हतं. मग ते गंभीर झाले. म्हणाले, "आमच्याकडेही नारळ वाढवतात, दुकान वाढवतात. ते तोंडी बोलणं झालं, भीतीपोटी आलेलं. कागदावर जे आहे ते सरळ लिहायचं. सरळ बोलणाऱ्याला भ्यावं लागत नाही." तांबड्या शाईनं त्यांनी चारी उत्तरं खोडली आणि मला दहा वाक्यं लिहायला लावली. दिवा विझला. माठ फुटला. धान्य संपले. पाहुणे गेले. मी ती इतकी नेटकी लिहिली की दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची निळी-तांबडी पेन्सिल मला देऊन टाकली.

ती पेन्सिल घेऊन मी घरी आले आणि तुला सुधारायला निघाले. "आये, दिवो वाढवत नाय, विझवतत. वाढवणे म्हणजे मोठो करणे." तू हसलीस. त्या वर्षभरात तू हसलेली मला एवढीच आठवतेस. म्हणालीस, "तुजे गुरुजी घाटार वाढले. तेंका दर्या ठावक नाय." मला राग आला. माझ्या गुरुजींना काही ठाऊक नाही म्हणतेस, आणि तुला सही करता येत नाही, असं मनात आलं. मनातच आलं, पण तू कदाचित ते वाचलं असशील. वाचता येत नसलेल्या माणसांना ते बरोबर वाचता येतं.

आता तो दिवस. वादळाला वर्ष होत आलेलं, कार्तिकातली जत्रा आठवड्यावर आलेली. सकाळची उन्हं खळ्यात पसरली आहेत, खळं नुकतं सारवलेलं आहे, आणि मालवणहून कासार आला आहे. दरवर्षी तो आपल्याच खळ्यात बसतो, कारण आपल्या फणसाची सावली बरी. वाडीतल्या सात-आठ बाया जमल्या आहेत. काकी पुढे, तिची हिरवी काकणं भरून झाली, ती हात वर करून बघते आहे. कासार म्हातारा, तोंडानं सतत बोलणारा, कारण काकण चढवताना दुखू नये म्हणून बाईला बोलण्यात गुंतवायचं हे त्याचं कसब. प्रत्येकीला त्याचा ठरलेला प्रश्न, "कारभारी बरे आसत मां?" आणि प्रत्येकीचं ठरलेलं उत्तर, "बरे आसत." तू मागे बसली होतीस. तुझ्या दोन्ही हातांत एकेकच काकण उरलं होतं. बाकीची सोडणं ठोकताना वर्षभरात वाढली होती. मला माहीत आहे, तू येणार नव्हतीस. काकीनंच तुला दंडाला धरून पुढे बसवलं. "भरून घे गो. रिकाम्या हातान जत्रेक जाशीत?"

तू डावा हात पुढे केलास. कासारानं तो आपल्या हातात घेतला, तळव्याची हाडं दाबून मऊ केली, काकण बोटांवर चढवलं आणि सवयीनं विचारलं, "कारभारी बरे आसत मां?" मग त्याच्याच लक्षात आलं असावं, कारण त्याचा हात थांबला. काकीनं म्हणायला सुरुवात केली, "येतले रे, येतले, तू भर..." आणि मी पायरीवर बसले होते, ती उठून उभी राहिले. हात सरळ, मान ताठ, जशी वर्गात उत्तर द्यायला राहते तशी. आणि मी शाळेतल्या भाषेत, अगदी स्पष्ट, म्हटलं, "माझे वडील समुद्रात बुडून मरण पावले."

एक कर्ता, एक क्रियापद, काही चूक नाही. गुरुजींनी पैकीच्या पैकी दिले असते.

कोणी ओरडलं नाही, आये. मला वाटतं कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कासारानं तुझ्या बोटांवरचं काकण अलगद मागे घेतलं आणि तुझा हात तुझ्या मांडीवर ठेवला, एखादी वस्तू परत करावी तसा. काकी तोंडाला पदर लावून म्हणाली, "देवान चेडवाच्या तोंडातसून वदवल्यान." देवाची पाकळी दोनदा पडली नव्हती ना, ती आता पडली, असं सगळ्यांना वाटलं. घरच्या माणसाच्या तोंडून, तेही अजाण पोरीच्या, निघालेलं. त्यावर मग कोणाला काय बोलता येणार? मी म्हणत होते, गुरुजींनी सांगितलं, सरळ बोलायचं. माझ्याकडे कोणी पाहतही नव्हतं. तू म्हणालीस, "माजी रवांदेत. बाकीच्यांची भरा." आणि उठून आत गेलीस. मी तुझ्यामागे आले. तू चुलीशी बसून हाताला खोबरेल लावत होतीस. काकी धावत आली, "अशी काडूक नाय गो, वाढवूक व्हई," म्हणाली. तू दोन्ही काकणं तेलावरून सरकवून, न फुटता बाहेर काढलीस आणि म्हणालीस, "फोडूची नाय. काडलंय." तुझ्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला सरळ शब्द.

त्यानंतर तू सरळच बोलू लागलीस. याची शिक्षा मला तेव्हा कळली नाही, हळूहळू कळली. "तांदूळ संपले." "दिवो विझव." मातीचं लोटकं पडलं तर "फुटला." मी दचकायची. तुझी शिकवणी मीच घेतली होती आणि विद्यार्थी अव्वल निघाला होता. तू मला एका शब्दानं कधी बोलली नाहीस. गुरुजींच्या कानावर गेलं तेव्हा ते एका दुपारी आले, खळ्याच्या कडेला चपला काढून उभे राहिले. तू त्यांना गूळ-पाणी दिलंस. ते म्हणाले, "बाई, मी असं व्हावं म्हणून शिकवलं नव्हतं." तू म्हणालीस, "तुमचो काय दोष? खरा तां खरा." खरं आहे की नाही हे तर कोणालाच माहीत नव्हतं, आये. मला तर मुळीच नाही. पुढच्या वर्षी त्यांनी घाटावर बदली मागून घेतली, आणि त्या पेन्सिलीला मी कधी टोक काढलं नाही, ती तशीच कुठेतरी हरवली.

आणि मग मी रत्नागिरीला ट्रेनिंग कॉलेजला निघाले तो दिवस. ट्रंक डोक्यावर घेऊन वाळूतून तारकर्लीवरनं मालवणपर्यंत चालायचं आणि तिथून एसटी. मी बेड्याजवळ थांबले. वळून म्हटलं, "आये, येतंय." लहानपणी जितक्या जोरात शिकवलं होतंस तितक्याच जोरात म्हटलं. मला वाटलं, आता तरी तू 'यो' म्हणशील. तू हातातला काथ्या झटकलास आणि म्हणालीस, "जा. वेळ झालो." त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. तू फक्त जे आहे ते म्हणालीस. ते ऐकून पाय उचलायला मला जेवढा वेळ लागला तेवढा एसटीला पोचायलाही लागला नसेल.

तुझी कावीळ कळली तेव्हा मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. तार पोचली, रजा मिळाली, एसटी मिळाली, आणि मी खळ्यात पाऊल ठेवलं तेव्हा तू नव्हतीस. (बघ, अजून मी सरळ लिहीत नाही.) तुला आंघोळ घालून झाली होती आणि बाया माझ्यासाठी थांबल्या होत्या. काकीनं माझ्यापुढे दोन लुगडी ठेवली, एक हिरवं, एक पांढरं. हिरव्यावर ती दोन काकणं होती. काकीनंच जपून ठेवली होती म्हणे, तू तिला टाकायला दिली होतीस. ती म्हणाली, "भटजी सांगतत, बारा वर्षां पुरी जावक आजून एक जत्रा आसा. शास्त्रान ती सवाशीण. पण तेव्हा तू बोललंस, आनी आमी तां धरला. आता तूच सांग. तू सांगशीत तसा करतलंव."

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी डी.एड. झालेली, वर्गात पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलणारी. एका जत्रेनं तू बारा वर्षं चुकलीस. मी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर तू दहा वर्षं कुंकू लावून वावरली असतीस, हळदीकुंकवाला पहिल्या रांगेत बसली असतीस आणि हिरव्या लुगड्यात, ओटी भरून गेली असतीस. हिरवं म्हणावं तर मी ही दहा वर्षं तुझ्याकडून उगाच हिसकावून घेतली असं माझ्याच तोंडानं कबूल करायचं. पांढरं म्हणावं तर बाबांना मी दुसऱ्यांदा बुडवायचं. मला फक्त 'हिरवा' एवढंच म्हणायचं होतं. ओठ हलले असतील, आवाज आला नाही. भरती लागायच्या आत नेलं पाहिजे म्हणून बाहेरून पुरुष हाका मारत होते. काकीनं पुष्कळ वाट पाहिली, ती काही वाईट नव्हती. मग तिनं हिरवं उचलून बाजूला ठेवलं. नको होतं तेव्हा मी बोलले, हवं होतं तेव्हा बोलू शकले नाही, आणि दोन्ही वेळा समोर बसलेली तू होतीस. ती काकणं पुढे कुठे गेली ते मला माहीत नाही. विचारायची छाती झाली नाही.

शिक्षिका झाल्यावर मुलं 'दिवा वाढवणे' असं लिहून आणायची. मी त्यावर कधी तांबडी रेघ मारली नाही. गुण मात्र देता येत नसत.

आता राहिलेलं लिहिते आणि हे ट्रंकेत ठेवते. इतकी वर्षं मी सगळ्यांना, लग्न झाल्यावर नवऱ्यालासुद्धा, हेच सांगत आले की गुरुजींनी सरळ बोलायला शिकवलं आणि मी बापडी पोर, बोलून गेले. ते निम्मं खरं आहे. निम्मं असं की त्या दिवशी पहाटे रापणीचा मोठा वाटा मिळाला होता, तू सकाळीच कढी करून ठेवली होतीस, आणि मी पायरीवर बसल्या बसल्या आत चुलीजवळ झाकून ठेवलेली ती वाटी बघत होते. मला बाबांची आठवण येत होती हे खरं, पण त्याहून मला वाट बघण्याचा कंटाळा आला होता. रोज मांजराला जाणारा तो तुकडा बघण्याचा कंटाळा आला होता. बाबा नाहीत असं कोणीतरी एकदा म्हटलं की तो बंद होईल, एवढं माझ्या दहा वर्षांच्या डोक्यात नक्की होतं.

दुपारी कासार उठून गेल्यावर तू मला पान वाढलंस. तुझे हात मोकळे होते, त्यांचा आवाज येत नव्हता. भात घातलास, मग ताटली बाजूला करून ती वाटी माझ्या भातावर उपडी केलीस. मधला तुकडा, पोटाकडचा. मांजर दारात येऊन ओरडत होतं, तू त्याला हाकललं नाहीस आणि काही दिलंही नाहीस. तू समोर बसून राहिलीस, जेवली नाहीस. मी जेवले. काटे काढून, बोटं चाटून जेवले. तो मला गोड लागला, आये, आणि मी वरून आणखी कढी मागून घेतली.